सातव्या मजल्यावरची कुसळं

सुनेच्या सलवारीला रोज संध्याकाळी कुसळं चिकटलेली असत. सातव्या मजल्यावरच्या ऑफिसात कुसळं कुठून येणार? मी शाळेत फार गेले नाही, पण एवढं मला कळतं. बया कुणाबरोबर तरी बागेत बसते. तिच्या बसमागे धावायचं माझं वय नाही, म्हणून रोज एक बाग धुंडाळायला लागले. रंगेहाथ धरल्याशिवाय जिवाला चैन पडायची नाही. पहिल्या बागेत नुसती फरशी. दुसरीत झोपाळ्यांवर भांडणं. तळ्याकाठच्या बागेत हिरवळ अशी कापलेली, की कुसळ औषधालाही सापडू नये. पाचव्या दिवशी पुलामागच्या ओसाड बागेत ती दिसली. एकटीच. मांडीवर डबा, हातात नोकरीच्या जाहिरातींचं पान.

"ऑफिस हल्ली बाकावर भरतं का गं?"

ती दचकून उठली. "कामावरून काढलं, आई. दोन महिने झाले."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"माझी सून मोठी साहेबीण, असं तुम्ही सगळ्या जिन्यात सांगत फिरता. मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मी वाकून तिच्या सलवारीची कुसळं काढली. आयुष्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीचं दार उघडं बघून मी मुद्दाम मोठ्यानं ओरडले, "साहेबीणबाई, निघा आता, ऑफिसला उशीर होतोय!" मग डबा हातात देताना हळूच म्हणाले, "तळ्याकाठच्या बागेत जा. सावली आहे, आणि कुसळं नाहीत."