चार सेकंद

नव्या अपडेटनंतर भास्करचा आवाज चार सेकंद उशिरा यायला लागला. कर्करोगात स्वरयंत्र गेल्यावर त्याच्या गळ्यात जे यंत्र बसवलं होतं, त्याचा पहिला प्रोग्रॅम त्याच्या बायकोनेच, मृदुलाने लिहिला होता. तेव्हा ओठ हलताच शब्द उमटायचा. आता कंपनीने त्यात चाळीस तऱ्हांचे आवाज, भाषांतर आणि हवामानाचा अंदाजसुद्धा कोंबला होता.

मृदुला तडक त्या कंपनीतल्या आपल्या जुन्या ऑफिसात गेली. एकेकाळी तिच्या हाताखाली शिकलेला तन्मय आता तिथला प्रमुख होता.

"मॅडम, चारच तर सेकंद! थोडं थांबायला काय होतं?"

"लोक थांबत नाहीत, तन्मय. परवा मुलीच्या लग्नाच्या बैठकीत भास्करला विचारलं, तारीख चालेल ना? त्याचं 'नाही' बाहेर पडेपर्यंत पेढे वाटायला सुरुवात झाली होती."

तन्मयला हसू आलं. "जुना प्रोग्रॅम आता देता येत नाही. नवं, वेगवान यंत्र बसवून घ्या. छोटंसं ऑपरेशन आहे."

चौथ्यांदा गळा कापायचा, तोही हवामानासाठी! मृदुला धुसफुसतच घरी आली. भास्कर खिडकीपाशी बसला होता.

"जेवायला वाढू?" तिने विचारलं आणि ती स्वयंपाकघरात गेलीसुद्धा. ताट घेऊन तिने भाताच्या पातेल्याला हात घातला. तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"आधी जरा माझ्याजवळ बस ना."

मृदुलाचा हात पातेल्यावरच राहिला. तीही थांबली नव्हती.