छतावरचं ऊन

आमची जुई अपुऱ्या दिवसांची. तिला अजून घरीच ऑक्सिजनचं मशीन लागतं, आणि आंधळगावात लाईन कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून साकोलीचं हे घर पाहायला आलो आणि छतावरचं सोलर पाहून तिथल्या तिथेच हो म्हणालो.

"आता लाईन गेली तर जाऊ दे," माझा नवरा जीवन जुईचं इवलंसं नाक चिमटत म्हणाला, "आमच्या बाईसाहेबानं सूर्यालेच कामावर ठेवलं."

घर विकणारे परसरामकाका हसले नाहीत.

"काका, इतकं चांगलं सोलर लावलं, मग घर काहून विकून राहिले?" मी विचारलं.

"तुह्या काकूलेही असंच मशीन लागे, पोरी. तिच्यासाठीच लावलं होतं. आता ती नाही, तर घर खायले उठते."

राहायला आलो त्याच आठवड्यात भर दुपारी लाईन गेली आणि मशीन बंद पडलं. जीवन सिलिंडर आणायला धावला. मी सोलरवाल्याला फोन लावला.

"त्याले बॅटरी नाही ना, ताई. लाईन गेली का तेही बंद होते. ते फक्त बिल कमी करासाठी राहते."

जुईचे ओठ निळसर होत चालले होते. तिला छातीशी धरून, ओढणीनं वारा घालत मी अंगणात उभी होते. वर पॅनल नुसते चकाकत होते.



काकू गेल्या, त्या दिवशीही असंच लख्ख ऊन पडलं असेल.