डावा हात

अण्णांचा डावा हात अर्धांगवायूनं गेलेला. मुलगा विश्राम उजव्या हातानं त्यांना मऊ भात भरवत होता आणि त्याचा डावा हात कीबोर्डवर ऑफिसचं काम उरकत होता. मेंदूच्या दोन भागांमधला पूल बंद केला, की दोन्ही हात आपापलं बघतात. हल्ली सगळे तसंच करत.

सुनेनं देवापाशी दिवा लावला. अण्णांनी उजवा तळवा पुढे धरला. "विश्राम, तुझा डावा दे रे. दोघं मिळून नमस्कार करू."

विश्रामनं हात उचलू पाहिला. हात ढिम्म हलेना, टकटक चालूच.

"आठपर्यंत तो ऑफिसचा असतो, अण्णा," तो खाली मान घालून पुटपुटला.

"असू दे. मला वाटलं, माझ्या एकट्याचाच गेलाय."