बाहीवरचे नंबर

"सात नंबर स्वच्छ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि अहवाल टेबलावरून पुढे सरकवला. "घशातला नमुना दोन महिने उबवणपेटीत ठेवला, एक जंतू उगवला नाही. आता तरी हसा, दादा. तुमच्या लेकीचं हरीण तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे."

रखवालदार हसला नाही. टोपी हातात धरून उभाच राहिला.

जंगलात आईविना सापडलेली बारा पाडसं त्याच्या आवारात होती. बाईंनी प्रत्येकाच्या घशातला स्राव घेतला, तेव्हा बाटल्यांना नंबर लावायचं काम त्याचं होतं. बारा स्टिकर तो आधी बाहीवर ओळीने चिकटवून घेई आणि पाळीपाळीने सोडवून लावी. इतक्या वर्षांत बाईंनी त्याची बाटली कधी उलटून पाहिली नव्हती.

"चार नंबरला क्षयच निघाला ना, मॅडम?"

"हो. म्हणून तर गेल्या आठवड्यात इंजेक्शन द्यावं लागलं. खड्डा तुम्हीच खणलात की."

"खणला. चुनाही मीच टाकला. पण चारला काही नव्हतं."

बाईंनी चष्मा काढला.

"सात खोकत होती. लेक म्हणाली, बाबा, हिला नेऊ देऊ नका. मग चारची पाळी आली तेव्हा मी बाहीवरून सात काढला. सातच्या पाळीला चार."

कोपऱ्यात उबवणपेटी बारीक घरघरत होती.

"सात कुठे आहे आता?"

"आवारात. पण दूध प्यायला घरी येते. लेकीशिवाय कुणाच्या हातून पीत नाही. बाटलीचं बूच घट्ट बसतं, ते लेक दातांनी काढते. तीन आठवडे झाले, तिलाही खोकला आहे. संध्याकाळचा ताप येतो. मी म्हटलं, हवा बदलली असेल."

बाईंना त्याच्यावर रागवायचं होतं. त्यांनी दवाखान्याच्या नावे चिठ्ठी लिहायला कागद ओढला.

"लेकीचं नाव सांगा."

त्याची बोटं डाव्या बाहीवर चाचपडत राहिली. तिथे काहीच चिकटलेलं नव्हतं.

"नाव राहू द्या जरा," तो म्हणाला. "आधी वय लिहा. सहा."