वाक्यात वापरा

"रिफ्यूज," थेरपिस्ट म्हणाली.

बाबांनी ओठ जुळवले. डावा हात गुडघ्यावर घासला. "अ‍ॅक्सेप्ट."

"वा. फॉरबिड?"

"अलाऊ."

"डिनाय?"

"हा शब्द नको," मुलगी दारातून म्हणाली. तिच्या हातात चहाचे कप होते.

थेरपिस्टने वळून पाहिले. "का हो? छान चाललंय की. जन्मभर इंग्रजी शिकवलंय त्यांनी. अर्धांगाच्या झटक्यात घरची भाषा गेली, पण वर्गातलं अजून जागेवर आहे. शब्द दिला की उलटा शब्द आपोआप येतो."

"मग हॉट-कोल्ड घ्या. बिग-स्मॉल."

"घेऊन पाहिलं. माझ्याकडे असे बघतात, जसं काही मीच नापास झालेय."

बाबा अर्ध्या चेहऱ्याने हसले. मग मुलीकडे बघत म्हणाले, "अ‍ॅडमिट."

कपातला चहा बशीत सांडला.

थेरपिस्टला जिन्यापर्यंत सोडायला गेल्यावर मुलीने विचारले, "पूर्ण वाक्य कधी बोलतील?"

"बरेच महिने जातील. धीर धरा."

"तोवर कुणी काही विचारलं, तर ते जे बोलतील ते खरं धरायचं नाही ना?"

"कसं धरणार? एखादा शब्द म्हणतील, पण म्हणायचं असेल भलतंच." थेरपिस्ट पायरीवर थांबली. "कोण विचारणार आहे?"

"कुणी नाही," ती म्हणाली.

ती आत आली तेव्हा दादा स्वयंपाकघरात उभ्यानेच बिस्किटे खात होता. आई गेल्याचे कळल्यावर तो परदेशातून आला होता आणि अजून परत गेला नव्हता. आईच्या रक्तात झोपेचे औषध नको तितके सापडले होते. तिला तर साधा पेलाही स्वतःच्या हाताने धरता येत नव्हता. पोलिसांत तक्रार दादानेच केली होती.

"उद्या ते साहेब बाबांशी बोलायला येणार आहेत," तो म्हणाला.

"बोलायला? बाबांशी?" ती सिंकपाशी गेली. "भिंतीशी बोला म्हणावं, लवकर उत्तर येईल."

"चिमे, त्या दुपारी घरात तुम्ही दोघंच होतात. तू म्हणतेस, तू बाहेरच्या खोलीत होतीस."

"होते."

"मग राहिलं कोण?"

"आणि ते कळून काय करणार आहेस? या माणसाला फरफटत नेणार आहेस?"

"ती माझीही आई होती."

"हो. फोनवर."

दादाने बिस्किटांचा पुडा गुंडाळून ठेवला.

साहेब दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आले. बूट बाहेर काढले, बाबांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढले आणि अवघडून बसले.

"सर, ओळखलंत? शेवटच्या बाकावरचा. स्पेलिंगांनी तुमचा जीव खाल्ला होता मी."

बाबांनी मान हलवली. पलीकडे आईची रिकामी खाट होती. गादी गुंडाळून ठेवलेली.

"साहेब, त्यांना ताण सोसत नाही," मुलगी म्हणाली.

"एकच गोष्ट विचारतो, ताई. गोळ्या पाण्यात कालवून दिल्या होत्या. पेला धुऊन फडताळात ठेवलेला. चमचा मात्र सरांच्या खणात सापडला. पुसून, त्यांच्याच रुमालात गुंडाळलेला."

"चमचा?" ती म्हणाली. आणि लगेच, "ते काहीही कोंबतात त्या खणात. किल्ल्या, कंगवा, संपलेली पेनं. झटका आल्यापासून असंच आहे."

दादा खिडकीतून बाहेर पाहत राहिला.

साहेब पुढे वाकले. "सर, बाईंना ते पाणी कुणी पाजलं, तुम्हाला माहीत आहे?"

बाबांनी डोळे मिटले.

"अ‍ॅडमिट."

"हा सराव आहे," ती घाईने म्हणाली. "थेरपिस्टला विचारा हवं तर. डिनाय म्हटलं की ते अ‍ॅडमिट म्हणतात. पोपटासारखं."

"मी डिनाय म्हटलंच नाही, ताई."

"साहेब, ऐका तरी."

"सर," साहेबांचा आवाज खाली आला, "नुसत्या शब्दाला तुम्ही आम्हाला कधी गुण दिले नाहीत. वाक्यात वापरा म्हणायचात. जमेल?"

बाबांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले. ओठ हलले, थांबले. मग डावा हात कष्टाने उचलून त्यांनी तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला.

"अ‍ॅडमिट," ते पुन्हा म्हणाले. "अ‍ॅडमिट."

दादाने खिडकीच्या गजावर कपाळ टेकवले.

साहेब उठले. "या अवस्थेत सरांना कुणी हात लावणार नाही," ते दादाला म्हणाले. "पण तपास इथे संपेल. खाली चला, बोलू." जाताना त्यांनी वाकून बाबांच्या पायांना हात लावला. बाबांनी पाय मागे घेतले.

दार लागले. जिन्यावरची पावले खाली गेली.

ती खुर्चीपाशी जमिनीवर बसली. "बाबा, काय केलंत हे? तुम्ही झोपला होतात त्या दुपारी. तुम्हाला काहीच माहीत नाही. काहीच नाही."

बाबांनी दाराकडे पाहिले. खालची गाडी सुरू होऊन निघून जाईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी डाव्या हाताने तिचे विस्कटलेले केस कानामागे सारले आणि वर्गात लागायचा त्याच स्वच्छ आवाजात म्हणाले,

"पेला तू धुतलास, चिमे, पण चमचा आईच्या उशाशीच विसरलीस."