पहिली शंका

कुस्तीच्या वर्गात सर रोज बजावायचे, “मी सांगतो म्हणून डोळे झाकून मानू नका. शंका विचारा!”

“हो सर!” सगळे एका सुरात.

एके दिवशी सरांनी आपला हुकमी डाव वर्गात नव्याने आलेल्या मुलीवर लावला. बाकीचे सरांचा हात लागताच आपणहून पडायचे. हिने उलट सरांनाच मॅटवर पाडून दाबून धरलं.

“बघा, सर मुद्दाम पडले! नम्रता शिकवतायत!” बाकीचे ओरडले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

“अरे, मला खरंच सुटता येत नाहीये,” सर खालून कण्हले.

“वा! कण्हतात पण किती हुबेहूब!”

मुलीने वाकून हळूच विचारलं, “सर, तुमचा हा डाव खरंच चालतो का हो?”

लालबुंद झालेले सर खुदकन हसले. “शाब्बास! इतक्या वर्षांत पहिली शंका आली. आता सोड गं बाई, म्हणजे उत्तर शोधू.”