गुणी लेक

लहानपणी पोर म्हणजे नुसतं वादळ होतं. वर्गात बाक उलटवायची, धाकट्या बहिणीला चावायची. शाळेतून बोलावणं आलं की आई शिलाई मशीन थांबवून धावायची आणि मान खाली घालून परतायची.

पंधरावं लागलं आणि पोर आपोआप निवळली. दुपारभर खिडकीत बसायची, उन्हात तरंगणारे धुळीचे कण बघत स्वतःशीच हसायची. हाक मारली, तर पाण्याखालून बोलावं तशी हळूच 'ओ' द्यायची. आईचा जीव भांड्यात पडला. "दृष्ट लागेल इतकी गुणी झालीय हो," ती शेजारणीला सांगायची.

आज उशीचा अभ्रा बदलताना खोकल्याच्या औषधाच्या चार रिकाम्या बाटल्या आईच्या हाती आल्या. घरात खोकला तर कुणालाच नव्हता. बाटल्या घेऊन ती खिडकीपाशी बसलेल्या लेकीकडे गेली.

"का गं, बाळा? काय कमी पडलं तुला?"

लेकीने सावकाश मान वळवली. चेहऱ्यावर तेच मऊ, झोपाळू हसू होतं.

"हे घेतलं की मी शांत राहते, आई. आणि मी शांत राहिले की तू मला जवळ घेतेस."